कोठीघरांतील काम

आमच्या गांवच्या वाचनालयाच्या समितीवर आम्ही कांहीं वर्षें आहों. मागें एका उत्साही तरुणानें संध्याकाळच्या फावल्या वेळांत तेथील सर्व पुस्तकांची नोंद संगणकावर करून दिली. एक पैसा घेतला नाहीं. वार्षिक सभेंत आम्हीं त्यास शाल व नारळ दिला आणि आपलें कर्तव्य संपलें असें समजून घरीं गेलों. पुढें त्याला परगांवीं नोकरी लागली. चार महिन्यांनीं यंत्र बिघडलें, तेव्हां नोंदी कोठें व कशा ठेवल्या आहेत हें सांगणारा एकहि मनुष्य गांवांत नव्हता. जुन्या लाल वह्या माळ्यावरून खालीं काढाव्या लागल्या. दोष त्या मुलाचा नव्हे. त्याच्या शेजारीं दुसरा कोणी बसवावा हें आम्हांस सुचलें नाहीं.

हीच गोष्ट ज्यांना वेळींच सुचली अशा मंडळींची हकीकत सांगण्यासारखी आहे. न्यूझीलंडांत लेव्हिन नांवाचें लहान गांव आहे. तेथील ग्रंथालय होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्ट ही संस्था चालवीत असे. १९९९ सालीं त्यांच्या ध्यानांत आलें कीं, आपली जुनी संगणक-प्रणाली २००० सालचा आंकडा ओळखणार नाहीं. त्यांनीं वेलिंग्टनच्या कतिपो ह्या कंपनीकडून स्वतःपुरती नवी प्रणाली करवून घेतली. ३ जानेवारी २००० रोजीं ती चालू झाली, आणि त्याच वर्षीं तिची सगळी संहिता सर्वांस खुली करून देण्यांत आली. ज्यास हवी त्यानें घ्यावी, बदलावी; मात्र बदललेली दुसऱ्यास दिली तर तीहि तशीच खुली द्यावी, एवढीच अट.

तिचें नांव ‘कोहा’. माओरी लोकांत पाहुण्यानें यजमानाकडे जातांना न्यावयाच्या भेटीला कोहा म्हणतात, आणि त्या भेटींत परतफेडीची अपेक्षा गृहीत असते. आमच्या वाचक-भगिनींस ह्याहून अधिक समजावून सांगावयास नको. आहेराची वही घरोघर असते. ती लोभानें नव्हे, पुढें परत करतां यावा म्हणून ठेवलेली असते.

ही परतफेड आज देशोदेशींचीं माणसें करीत आहेत. कांहीं जणांस त्यांच्या संस्था पगार देऊन ह्या कामास लावतात. पुष्कळसें काम मात्र विनावेतनच चालतें. एकानें सुधारणा लिहिली म्हणजे ती लगेच स्वीकारली जाते असें नाहीं. दुसरा ती आपल्या यंत्रावर चालवून पाहतो व आपली संमति नोंदवितो. तिसरा तिची कसून तपासणी करतो. मग त्या आवृत्तीचा व्यवस्थापक ती आंत घेतो. मे व नोव्हेंबर अशा वर्षांत दोन आवृत्त्या निघतात. प्रत्येक आवृत्तीसाठीं व्यवस्थापक, तपासनीस, माहितीपुस्तिका सांभाळणारे, भाषांतराची व्यवस्था पाहणारे असे निरनिराळे लोक नेमलेले असतात. एकट्याच्या डोक्यांत सर्व कांहीं राहूं नये, अशीच ही रचना आहे.

मंगलकार्यांत वाढप्यांची धांदल सर्वांस दिसते. कोठीघरांत बसून किती तूप काढलें, किती उरलें हें पाहणारी आत्याबाई पंगतींत कोणास आठवत नाहीं. पण तिच्यावांचून दुसरी पंगत बसत नाहीं. कोहाच्या कामांतहि नवी सोय लिहिणाराचें नांव होतें. पुस्तिकेंतील जुनें झालेलें पान बदलणारा, नवख्याच्या त्याच त्या शंकेला दहाव्यांदा न चिडतां उत्तर देणारा, हे सारे कोठीघरांतले. आम्हांस विचाराल तर दुर्मिळ माणसें हींच.

त्यांची कसोटी २०११ सालीं लागली. ‘कोहा’ हें नांवच न्यूझीलंडांत व्यापारचिन्ह म्हणून एका अमेरिकन कंपनीस तात्पुरतें मंजूर झालें. संहिता सर्वांची आणि नांव मात्र एकाचें! ट्रस्टनें जाहीरपणें साहाय्य मागितलें. दूरदूरच्या लोकांनीं पैसे पाठविले. रीतसर हरकत घेण्यांत आली. आणि २०१३ च्या डिसेंबरांत तो अर्ज फेटाळला गेला. नुसती संहिता लिहिणारांच्या हातून हें झालें नसतें. अर्ज लिहिणें, मुदती सांभाळणें, हिशेब ठेवणें ह्या नीरस कामांस तेथें माणसें होतीं.

त्याच २०११ सालीं ह्या मंडळींचें जागतिक संमेलन आपल्या ठाण्यास, विद्या प्रसारक मंडळाच्या यजमानपदाखालीं भरलें होतें. ज्या गांवांत १८९३ सालीं मराठी ग्रंथसंग्रहालय निघालें, तेथें हे पाहुणे आले ह्याचें आम्हांस विशेष वाटतें.

आमच्या वाचनालयानेंहि आतां कोहा घेण्याचें ठरविलें आहे. गेल्या बैठकींत, शिकावयास कोण तयार आहे असें विचारतांच महाविद्यालयांतील दोन मुलांनीं हात वर केले. तीं जें करतील तें लिहून कोण ठेवील, असें विचारल्यावर मात्र बराच वेळ सारे गप्प होते. अखेर कन्याशाळेंतून निवृत्त झालेल्या एक बाई म्हणाल्या, “मला त्यांतलें कांहीं कळत नाहीं. पण मुलांच्या शेजारीं बसून लिहीन. आणि मला कळेपर्यंत त्यांना पुनःपुन्हां विचारीन. एक जाड वही तेवढी आणवा.” वहीचा खर्च समितीनें एकमतानें मंजूर केला.