बाराखडी संपल्यावर काय?

इथे ब्रिटनमध्ये आपल्या मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत बाराखडी पूर्ण केलेल्या मुलांना दरवर्षी प्रमाणपत्र मिळतं. फोटो निघतात, आजी-आजोबांना पाठवले जातात, आणि पुढच्याच रविवारी त्या मुलांच्या हातात धड्यांचं पुस्तक येतं. दोन-तीन महिन्यांत त्यातली बरीच मुलं यायची थांबतात. आईवडील म्हणतात, "त्याला मराठीचा कंटाळा येतो." मला हे पटत नाही. अक्षरं ओळखणं आणि वाचणं यांच्यामध्ये एक लांबलचक पायरी आहे. ती आपण गाळतो आणि मूल पडलं की दोष त्याच्या आवडीला देतो.

हीच पायरी माझ्या माहेरच्या भागातही गाळली जाते. माझं माहेर कर्जत तालुक्यातलं कडाव. कर्जत-खालापूर म्हटलं की इथल्या अनेकांना माथेरानची गाडी नाहीतर घाटाआधीचा वडा आठवतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा खालापूर तालुक्याचं नाव जगभर पोचलं. पण रस्त्यापासून आत, डोंगराच्या कुशीत ठाकूर आणि कातकरी वाड्या आहेत. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बरेचदा दोनच शिक्षक चार-पाच इयत्ता सांभाळतात. अशा शाळांना मदत करायची म्हटलं की आपल्यासारखी मंडळं वह्या, दप्तरं आणि भिंतीवर लावायचे मुळाक्षरांचे तक्ते पाठवतात. तक्ता उपयोगाचा आहेच. पण दुसरी-तिसरीतल्या ज्या मुलाला तक्त्यावरची सगळी अक्षरं येतात आणि तरीही चार ओळींची गोष्ट वाचता येत नाही, त्याच्यासाठी आपण काहीच पाठवत नाही.

असं मूल कसं वाचतं, ते शेजारी बसून ऐकावं. 'डोंगरावरून पाणी खाली आलं' एवढंच वाक्य असतं. ते 'डो' म्हणतं, थांबतं, 'ग' वर येतं, अनुस्वार राहिला म्हणून मागे जातं, मग 'रा', 'व', 'रू', 'न'. 'पाणी' पर्यंत पोचेतो डोंगर मनातून निसटलेला असतो. एकही अक्षर चुकलेलं नसतं. पण 'काय झालं रे?' असं विचारलं तर ते आपल्या तोंडाकडे बघत राहतं. सगळी शक्ती अक्षरं उलगडण्यात खर्च झालेली असते, अर्थासाठी काही उरत नाही. अमेरिकेतल्या लाबर्ज आणि सॅम्युएल्स या अभ्यासकांनी १९७४ मध्ये नेमकं हेच मांडलं: शब्द ओळखणं आपोआप होऊ लागलं, तरच मन अर्थाकडे वळायला मोकळं होतं.

मराठीत ही अडचण आणखी वाढते. उच्चार आणि लेखन यांचा मेळ इंग्रजीपेक्षा कितीतरी चांगला, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण छत्तीसेक व्यंजनं, प्रत्येकाची बाराखडी, म्हणजे चारशेच्या वर आकृत्या डोळ्यांत बसायच्या असतात, आणि त्यावर जोडाक्षरं. ऱ्हस्व वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, उच्चारायची नंतर. र तर कधी डोक्यावर रफार होऊन बसतो, कधी पायाशी तिरकी रेघ होतो. सोनाली नाग यांनी २००७ मध्ये कन्नड शिकणाऱ्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशा लिप्या आत्मसात व्हायला प्राथमिक शाळेची बरीच वर्षं लागतात, असं त्यात दिसलं. शिवाय आपले शब्द प्रत्यय घेऊन लांबतात: घर, घरापाशी, घरापाशीच्या. क्रियापद शेवटी, म्हणजे कोणी काय केलं हे कळायला वाक्याच्या टोकापर्यंत सगळं धरून ठेवावं लागतं. रेंगाळत वाचणाऱ्या मुलाच्या हाती ते राहत नाही.

हा प्रश्न दोन तालुक्यांपुरता नाही. 'असर' या शिक्षणविषयक पाहणीत मुलाचं वाचन अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट अशा पातळ्यांवर तपासतात. २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी २७.१ टक्केच ती गोष्ट वाचू शकली. २०२२ मध्ये, कोविडकाळात शाळा बंद राहिल्यानंतर, हा आकडा २०.५ होता. म्हणजे सुधारणा आहे, पण ती २०१८ च्या २७.३ टक्क्यांपर्यंत परत येण्यापुरतीच. २०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या निपुण भारत अभियानाने दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीसाठी किमान ६० शब्द, तेही समजून, असं लक्ष्य ठेवलं. लक्ष्य ठेवलं हे चांगलं झालं. मात्र घड्याळ लावून मोजल्याने वेग येत नाही, आणि नुसता वेग आला तरी त्याला वाचन म्हणता येत नाही. स्वल्पविरामाला थांबणारा, प्रश्नाला सूर चढवणारा, संवादात माणसं वेगळी करणारा आवाज ऐकू आला, तर समजावं की मुलाला कळतंय.

मग हा ओघ येतो कशाने? याचं उत्तर जुनं आहे आणि स्वस्तही: सोपा, छोटा मजकूर, मोठ्याने, पुन्हा पुन्हा, ऐकणारं माणूस शेजारी असताना. सॅम्युएल्स यांनी १९७९ मध्ये पुनर्वाचनाची पद्धत मांडली. मूल एक लहान उतारा जमेपर्यंत वाचतं, मग दुसरा घेतं. त्यांना असं दिसलं की प्रत्येक नव्या उताऱ्याची पहिलीच फेरी आधीपेक्षा बरी होत जाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन समितीनेही २००० मध्ये मार्गदर्शनाखालच्या प्रकट पुनर्वाचनाच्या बाजूने कौल दिला. आपल्याकडे मात्र धडा एकदा झाला की झाला. पुन्हा तोच वाचायला सांगितला की मुलाला आणि पालकालाही ती शिक्षा वाटते.

'अशाने मूल पाठ करतं,' हा आक्षेप मी अनेकदा ऐकते. थोडं पाठ होतंच, त्याने बिघडत नाही. मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवून 'हे काय?' असं विचारा. ते शब्द बघत असेल तर सांगेल. नाही सांगितलं, तर अजून दोन फेऱ्या हव्यात एवढंच कळेल.

वाड्यांवर आणखी दोन गोष्टींचा विचार करावा लागतो. घरात कातकरी किंवा ठाकरी बोली, पुस्तकात प्रमाण मराठी. जो शब्द कानाने कधी भेटला नाही, तो डोळ्याला एका झटक्यात कसा ओळखू येईल? म्हणून गोष्ट वाचण्याआधी ती सांगायला हवी, मुलांच्या बोलीत आणि पुस्तकाच्या भाषेतही, आणि तिच्यावर भरपूर गप्पा व्हायला हव्यात. आपल्या इथल्या मुलांचंही हेच आहे, त्यांच्या कानावर दिवसभर इंग्रजी असतं. दुसरी गोष्ट स्थलांतराची. भातकापणी आणि दिवाळी आटोपली की अनेक कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. दुसरीचं मूल जेमतेम शब्द जुळवायला लागलेलं असतं, आणि नेमका तेव्हाच सराव तुटतो. जूनमध्ये शिक्षक त्याला परत 'क' पासून सुरू करतात. त्याला 'क' येत असतो. त्याला हवी असते एक सोपी गोष्ट आणि ती ऐकणारा कान.

ऐकणार कोण, हा खरा पेच आहे. वीस मुलांना प्रत्येकी तीन मिनिटं दिली तरी शिक्षकाचा एक तास जातो. म्हणून चौथीच्या मुलाने दुसरीच्याचं ऐकावं. दोघांचंही वाचन त्यातून सुधारतं. घरी आईने ऐकावं, तिला वाचता येत नसलं तरी. मूल अडलं, गडबडलं, गोष्ट तुटली, हे न वाचणाऱ्या आईलाही ऐकून कळतं.

आणि आपण? इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांना ठाऊक आहे: पहिल्या वर्गाच्या शेवटी ४० शब्दांची ध्वनिवाचनाची चाचणी होते, २०१२ पासून. पण शाळा तिथे थांबत नाही. दप्तरातून पातळीनुसार निवडलेलं पातळ पुस्तक घरी येतं, आणि आपण निमूटपणे रोज सोफ्यावर बसून ते ऐकतो, वहीत सही करतो. हे सगळं आपण इंग्रजीसाठी विनातक्रार करतो. मराठीसाठी मात्र आठवड्यातून एक तास आणि एक जाड पुस्तक पुरेल असं धरून चालतो. रोजची दहा मिनिटं द्यायला वेळ नसेल, तर व्हिडिओ कॉलवर आजी आहे. 'काय खाल्लंस?' झाल्यावर नातवाने तिला कालचीच गोष्ट पुन्हा वाचून दाखवावी. तिच्याइतका धीराचा श्रोता कुठल्या ॲपमध्ये मिळणार नाही. ॲप गोष्ट वाचून दाखवतं, ते कानाला चांगलंच. पण मग वाचन ॲपचं होतं, मुलाचं नाही.

पुस्तकं नाहीत, ही सबब आता चालणार नाही. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी पातळ्या लावून विनामूल्य ठेवलेल्या आहेत, त्या छापूनही घेता येतात. ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं आहेत. माधुरी पुरंदरे यांच्या 'राधाचं घर' मधली वाक्यं लहान आहेत, माणसं घरातली आहेत, आणि ते पुस्तक मुलं आपणहून पुन्हा मागतात.

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीकडे माझी मागणी अशी. यंदा कर्जत-खालापूरसाठी जो निधी जमेल, त्यातून तक्ते आणि दप्तरं घेऊ नयेत. पातळ, सोप्या गोष्टींची पुस्तकं घ्यावीत, एकेका पुस्तकाच्या पाच-सहा प्रती, म्हणजे दोघं-तिघं एकत्र बसून वाचू शकतील. कोणती पुस्तकं, हे तिथल्या शिक्षकांना विचारून ठरवावं. रविवारच्या शाळेतही त्याच पुस्तकांचा एक संच ठेवावा आणि प्रत्येक तासाची पहिली वीस मिनिटं जोडीने वाचण्यासाठी राखावीत. वाड्यांवर पुस्तकं दिवाळीच्या आधी पोचायला हवीत, भट्टीवर निघणाऱ्या मुलांना ती सोबत नेता यावीत यासाठी. त्यातली काही फाटतील, काही विटांच्या मातीत हरवतील. त्यांचा हिशेब शाळेकडे मागू नये, आणि पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात तेवढ्या प्रतींची तरतूद आधीच करून ठेवावी.