जेलच्या खिडकीवर भरलेला पैसा जातो कुठे?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपण इतकी मनावर घेतली आहे की कोर्टाच्या पलीकडे जे जेल आहे त्याचे व्यवहार आपल्याला अजिबात ठाऊक नाहीत. ग्वाल्हेर, इंदूर, उज्जैनकडून भोपाळला आलेली आणि भेलच्या नोकरीमुळे पिपलानी, बरखेडा, इंद्रपुरीत स्थिरावलेली आपली घरे. जेल हा आपला विषय नव्हे, असे आपण धरून चालतो. पण न वटलेला चेक, रस्त्यावरचा अपघात, घरातल्या भांडणाची पोलिसात गेलेली फिर्याद यांपासून कोणते घर कायमचे सुरक्षित आहे? शिवाय कामवाल्या बाईचा मुलगा किंवा ड्रायव्हरचा भाऊ आत गेला की ती माणसे सल्ला विचारायला आपल्याच दारात येतात. त्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो: जेलमध्ये पैसे भरले, मग माणूस सुटत का नाही?

याचे उत्तर असे की जेलशी संबंधित पैशाचे तीन वेगळे हिशोब आहेत आणि एकातला पैसा आपोआप दुसऱ्यात जात नाही.

पहिला हिशोब कैद्याच्या वैयक्तिक खात्याचा. कैद्याने सोबत आणलेली किंवा घरच्यांनी त्याच्यासाठी पाठवलेली रक्कम जेलरच्या ताब्यात ठेवायची, ही रीत १८९४ च्या कारागृह कायद्याच्या २५ व्या कलमाने घालून दिली. त्या पैशातून साबण, तेल, बिस्किटे असे कँटीनचे सामान मिळते. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या आर्थर रोड जेलात एका नामांकित नटाच्या मुलाला घरून साडेचार हजारांची मनीऑर्डर आली, तेव्हा देशाला या खात्याची माहिती झाली. हा पैसा कैद्याचाच असतो आणि सुटताना उरलेली शिल्लक त्याला परत मिळायला हवी. जेलात राहण्या-जेवण्याचे भाडे आपल्याकडे कैद्याकडून घेतले जात नाही. दिवाणी कैद्याचा निर्वाह भत्ता तर ज्या धनकोने त्याला आत पाठवले त्यालाच भरावा लागतो. म्हणून ‘चांगल्या बराकी’साठी कोणी पैसे मागितले आणि पावती दिली नाही, तर ते शुल्क नव्हे, ती लाच आहे.

कैद्याच्या मजुरीचाही हिशोब असतो. १९९८ साली गुजरातच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सक्तमजुरीच्या कैद्याला रास्त मोबदला द्यावा आणि त्यातला काही भाग गुन्ह्याची झळ पोचलेल्यांसाठी राखून ठेवण्याची तरतूद राज्यांनी करावी. ही कपात न्याय्यच आहे. पण किती कापले आणि किती उरले, हे कैद्याला आणि त्याच्या घरच्यांना दिसले पाहिजे.

दुसरा हिशोब दंडाचा. कोर्ट दंड ठोठावते आणि तो न भरल्यास आणखी काही महिने कैद सांगते. फार थोड्यांना ठाऊक असते की अर्धवट भरलेला दंडही वाया जात नाही. जुन्या भारतीय दंड संहितेतले उदाहरणच पाहा: शंभर रुपये दंड, न भरल्यास चार महिने कैद. पहिला महिना संपण्याआधी पंचाहत्तर रुपये भरले, तर महिना पुरा होताच सुटका. भारतीय न्याय संहितेच्या ८ व्या कलमातही हेच तत्त्व आहे. म्हणजे सगळी रक्कम जमेपर्यंत थांबू नये, जमेल तेवढी भरावी. मात्र ती ‘दंडापोटी’ असे लिहून घेऊन भरावी. वैयक्तिक खात्यात टाकली तर तिची बिस्किटे येतील, सुटका येणार नाही.

तिसरा हिशोब जामिनाचा, आणि खरा अडथळा इथेच आहे. जामीन मंजूर होतो, पण जामीनदार मिळत नाही. आपल्या राज्यात जामीनदाराकडे ऋणपुस्तिका मागतात. ज्याच्या नावावर वीतभर जमीन नाही त्याने ती आणावी कुठून? याच मध्यप्रदेशातून मोतीराम नावाच्या गवंड्याचे प्रकरण १९७८ साली सर्वोच्च न्यायालयात गेले. दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो नाकारला. न्या. कृष्ण अय्यर यांनी हा प्रकार धुडकावून एक हजाराच्या वैयक्तिक बंधपत्रावर सुटकेचा आदेश दिला. या गोष्टीला चार दशकांहून अधिक काळ लोटला. तरी २०२२ च्या अखेरच्या सरकारी आकडेवारीत देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ जण खटला संपायची वाट पाहत होते. त्यांतले सगळेच पैशाअभावी आत होते असे नाही, पण गरिबी हे एक मोठे कारण आहे, हे कोणी नाकारू नये.

१८९७ साली न्या. बद्रुद्दीन तय्यबजींनी लोकमान्यांना जामीन दिला, तेव्हा द्वारकादास धरमसींसारखे धनवान गृहस्थ त्यांच्यासाठी उभे राहिले. गवंड्यासाठी कोण उभे राहणार?

इंग्लंडात एके काळी जेलर कैद्यांकडूनच फी घेत. १७७३ साली बेडफर्डचे शेरीफ झालेल्या जॉन हॉवर्ड यांना निर्दोष सुटलेली माणसेही फी थकली म्हणून आतच दिसली. त्यांच्या खटपटीने पुढच्याच वर्षी ती प्रथा कायद्याने बंद करण्यात आली. अमेरिकेत आजही अनेक ठिकाणी कैद्याकडून मुक्कामाचे पैसे घेतात आणि घरून आलेल्या रकमेतून कपात करतात. आपल्याकडे तसे नाही, हे चांगलेच. पण कोर्टाने मोकळे केलेला माणूस पैशाअभावी आत राहत असेल, तर हॉवर्डच्या काळापासून आपण किती पुढे आलो?

उपाय नाही असे नाही. २०२२ च्या संविधान दिनी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी गरीब कैद्यांची व्यथा सर्वोच्च न्यायालयाच्या व्यासपीठावर मांडली. २०२३ साली केंद्राने गरीब कैद्यांसाठी मदत योजना आणली. त्या वर्षीच्या सूचनांनुसार जिल्हा समिती दंडासाठी पंचवीस हजार आणि जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत रक्कम मंजूर करू शकत होती. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका झाली नाही, तर जेल अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे. महिना उलटला तर अटी सैल करण्याचा विचार कोर्ट स्वतःहून करू शकते.

आमची मागणी साधी आहे. भेटीच्या खिडकीजवळ हिंदीत ठळक फलक लावा: कोणत्या खात्यात भरलेला पैसा कशासाठी वापरला जातो आणि पावती कोण देतो. जिल्हा समितीने किती अर्ज आले, किती मंजूर झाले, हे दर तीन महिन्यांनी जाहीर करावे. आणि आपण काय करायचे? आपल्याकडे निवृत्त वकील आहेत, बँकेत आयुष्य घालवलेली माणसे आहेत. दारात आलेल्या बाईच्या हातावर पाचशेची नोट ठेवून तिला वाटेला लावण्यापेक्षा तिला विधी सेवा प्राधिकरणाचा अर्ज भरून द्या. त्या नोटेपेक्षा त्या अर्जाने तिचा मुलगा लवकर घरी येईल.