वेचला नाही, डिड नॉट पिक

यवतमाळ जिल्ह्यातल्या मराठी शाळेतलं पोर लिहितं, ‘शी डिड नॉट पिक्ड कॉटन’, आणि वहीत लाल रेघ उमटते. मला ही चूक विचारी वाटते. मराठीत ‘आईनं कापूस वेचला’चा नकार ‘वेचला नाही’ असाच होतो; भूतकाळ क्रियापदाला चिकटूनच राहतो. इंग्रजीत तो ‘डिड’ उचलतं आणि ‘पिक’ मोकळं होतं. ही दोन वाक्यं फळ्यावर शेजारी शेजारी लिहा, पोरांना लगेच उमगतं. शिवाय कापूस वेचला, तूर सोंगली हे कर्माचं लिंग सांभाळणं इंग्रजीत नाहीच, हेही सांगा! २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आली. जिल्ह्यातल्याच झरी जामणीकडच्या कोलामी बोलणाऱ्या लेकराला मात्र पहिलीत मराठीही नवीच असते.