गड राखावयाचा की मशीद फोडावयाची?

शेतकरी व कारागीर बांधवहो, १४ जुलै २०२४ रोजी विशाळगडावरील अतिक्रमणे हटविण्याच्या नावाने लोक जमले, आणि वाटेवरच्या गजापुरात मशिदीत व मुसलमान गरिबांच्या घरांत शिरून मोडतोड झाली. अतिक्रमण म्हणे गडावर. मग कुऱ्हाड खालच्या मशिदीवर कां? गड मोकळा व्हावा, हे आम्हांसही मान्य. त्यासाठी मोजणी आहे, नोटीस आहे, कोर्ट आहे. जमावाला मोजणीचा नकाशा कोणी दिला होता? पुढे सरकारी पाडकामही भर पावसाळ्यात चालले, तेव्हां १९ जुलैस मुंबई हायकोर्टाने ते थांबविले.

हे महाराजांच्या नावाने झाले! याच गजापूरच्या खिंडीत १६६० च्या जुलैत बाजीप्रभू व बांदलांचे मावळे पडले, ते मशिदीची कौले फोडण्यासाठी नव्हे. खाफीखान हा महाराजांचा कट्टर निंदक. त्यालाही लिहावे लागले की, मशिदीस, कुराणास व स्त्रियांस धक्का लावू नये असा महाराजांचा आपल्या लोकांस नियम होता. वैऱ्याने दिलेली ही साक्ष भक्तांनीच तुडवावी काय? आणि घडले कोठे, तर राजर्षी शाहूंनी १९०६ साली मुसलमान मुलांसाठी बोर्डिंग काढले त्या कोल्हापूर जिल्ह्यात.

आतां हिशेब पाहा. गुन्हे शेकडोंवर नोंदले गेले. भारतीय न्याय संहितेच्या २९८ कलमाखाली प्रार्थनास्थळाची नासधूस करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद होते. चिथावणारा घरी जेवतो. कोर्टाची तारीख पडते ती कुणब्याच्या पोराला, ऐन पेरणीत. (आम्हांस काळजी आमच्या वर्गांतून गेलेल्या पोरांची आहे, पुढाऱ्यांची पोरे असल्या ठिकाणी दिसत नाहीत.)

आमच्या कुंभारीत गोदूताई परुळेकर वसाहत आहे. २००६ साली विडी कामगार बायांना तेथे दहा हजार घरे मिळाली. तेलुगू, मराठी, मुसलमान, भिंतीला भिंत लागून राहतात. तेथे दगड भिरकावला तर तो कोणाच्या चुलीवर पडेल?

म्हणून आमचे मागणे असे की, उरूस, मोहरम, गणपती यांच्या आधी ग्रामसभेने ठराव करावा. तंग रात्री देवळापुढे मुसलमान व मशिदीपुढे हिंदू अशी राखण बसावी, आणि मोबाईलवर आलेली चिथावणी पुढे न ढकलता पोलीस पाटलास दाखवावी. ठराव मांडावयास कोणी उठत नसेल, तर आम्ही उठू. अनुमोदन तुम्ही द्या.