आमवाताचे निदान आणि वर्ध्याचा अनुभव

सांधे दुखू लागले, की ‘वाताचा त्रास आहे’ एवढे म्हणून आपल्या समाजात विषय मिटतो. वार्धक्यात झिजलेले गुडघे, तापानंतर रेंगाळलेली अंगदुखी, अतिश्रमाने धरलेली कंबर आणि पस्तिशीतल्या गृहिणीच्या बोटांवरची सकाळची सूज, या सर्वांना हा एकच शब्द पुरतो. शब्द एकच असल्याने उपायही एकच ठरतात : तेल, शेक, वेदनाशामक गोळी आणि सहनशीलता. पहिल्या तीन दुखण्यांत या सैलपणाने एक वेळ निभावून जाते. चौथ्यात मात्र हात कायमचे जायबंदी होतात. वैद्यकशास्त्र ज्याला ‘रूमॅटॉइड आर्थ्रायटिस’ म्हणते आणि मराठीत ज्याला आमवात म्हणण्याचा प्रघात आहे, तो हा चौथा रोग. त्याचे निदान वेळेवर का होत नाही, हा प्रश्न वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात विचारण्यास विशेष कारण आहे. हाताची बोटे वाकण्यापूर्वी रोग ओळखता येतो आणि तो ओळखलाच पाहिजे, हे तत्त्व देशाला शिकविण्यात या जिल्ह्याचा मोठा वाटा आहे. तो रोग अर्थात वेगळा होता.

रोगाचे स्वरूप

आमवात हा झिजेचा रोग नाही, दाहाचा आहे. बाहेरून येणाऱ्या जंतूंशी झुंजण्यासाठी शरीरात जी संरक्षणव्यवस्था असते, तीच या रोगात स्वतःच्या सांध्यांच्या आतील नाजूक अस्तरावर उलटते. अस्तर सुजते, जाड होते आणि कालांतराने शेजारची कूर्चा व हाड पोखरू लागते. हे मुळात का घडते, याचे संपूर्ण उत्तर विज्ञानाला मिळालेले नाही; आनुवंशिकता आणि धूम्रपान यांचा त्यात हात आहे, एवढे मात्र सिद्ध झाले आहे. स्त्रियांत हा रोग पुरुषांपेक्षा दुपटी-तिपटीने अधिक आढळतो आणि बहुधा तीस ते पन्नास या वयात, म्हणजे घर आणि शेत या दोहोंचा भार अंगावर असतानाच, तो सुरू होतो.

रोग आपल्याकडे नवा नाही. ‘माधवनिदान’ या प्राचीन ग्रंथात आमवाताचे स्वतंत्र वर्णन आहे. युरोपात लांद्रे-बोव्हे या फ्रेंच वैद्याने १८०० मध्ये त्याची लक्षणे नोंदविली आणि १८५९ मध्ये इंग्रज वैद्य गॅरड याने त्याला आजचे पाश्चात्त्य नाव दिले. त्याचे प्रमाण किती, याचाही अंदाज उपलब्ध आहे. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली घरोघर जाऊन पाहणी सुरू झाली. तीत सुमारे १८ टक्के प्रौढांना हाडा-सांध्यांची काही ना काही तक्रार आढळली. आमवाताचे प्रमाण मात्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास होते. दिल्लीजवळच्या ग्रामीण भागातील, १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ते पाऊण टक्का आढळले होते. २०११ च्या जनगणनेनुसार वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १३ लक्ष होती. त्यांत नऊ लक्ष प्रौढ धरले, तर या हिशेबाने जिल्ह्यात साडेचार ते पावणेसात हजार आमवाताचे रुग्ण असावेत. मधुमेहाच्या मानाने हा आकडा लहान वाटेल. परंतु उपचारावाचून राहिलेल्या रुग्णांपैकी बहुतेकांच्या हाडांची हानी पहिल्या दोन वर्षांतच क्ष-किरण चित्रात दिसू लागते आणि झालेली हानी भरून येत नाही, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या आकड्याचे गांभीर्य कळते.

निदान कशावरून?

येथे एक सुदैवाची गोष्ट आहे. या रोगाचे निदान प्रथमतः रुग्णाच्या कथनावरून आणि त्याच्या हातांवरून होते. त्यासाठी महाग यंत्रे लागत नाहीत. सकाळी उठल्यावर सांधे आखडलेले असणे आणि ते मोकळे होण्यास अर्ध्या तासाहून, बहुधा तासाहून अधिक वेळ लागणे, ही पहिली खूण. झिजलेला गुडघा चालल्यावर दुखतो आणि विश्रांतीने निवतो. आमवाताचा सांधा विश्रांतीने आखडतो आणि हालचालीने सुटतो. दुसरी खूण म्हणजे मनगटे, बोटांची मुळे आणि बोटांची मधली पेरे सुजणे, आणि तेही दोन्ही हातांना. पायाच्या बोटांची मुळेही अशीच धरतात. तिसरी खूण काळाची : ही स्थिती सहा आठवड्यांहून अधिक टिकणे. बोटांच्या मुळांवर आडवा हलका दाब दिला असता रुग्ण कळवळला, तर संशय बळावतो.

वर्धा हा कापसाचा जिल्हा आहे. हिंगणघाट, देवळी, आर्वी या तालुक्यांत वेचणीच्या हंगामात हजारो स्त्रिया भल्या सकाळी शेतावर जातात, आणि त्यांची मजुरी वेचलेल्या किलोंवर ठरते. बोंडातून कापूस ओढण्यासाठी चिमटीत जोर लागतो, आणि आमवात नेमका ही चिमूटच हिरावून घेतो. जिची बोटे दहा वाजेपर्यंत मिटत नाहीत, तिच्या रोगाची पहिली नोंद रुग्णालयाच्या कागदावर होण्याच्या कितीतरी आधी मजुरीच्या हिशेबात होत असते. ती नोंद कोणी वाचत नाही, इतकेच. घरी तिला आळशी ठरविले जाते, आणि ती स्वतः औषधांच्या दुकानातून आणलेल्या गोळीवर हंगाम काढते.

‘पॉझिटिव्ह’चा घोटाळा

दुसऱ्या टोकाला, जे रुग्ण शहरातील तपासणी केंद्रापर्यंत पोहोचतात, त्यांची वेगळी फसगत होते. ‘रूमॅटॉइड फॅक्टर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रक्ततपासणीवर आपल्याकडे भाबडी श्रद्धा आहे. हा घटक आमवाताच्या सुमारे ७० ते ८० टक्के रुग्णांत सापडतो. म्हणजे उरलेल्या २० ते ३० टक्क्यांत रोग असूनही तो सापडत नाही. उलट, निरोगी माणसांपैकी सुमारे पाच टक्क्यांत तो आढळतो आणि वृद्धांत, क्षयात, कुष्ठरोगात, दीर्घकाळ चाललेल्या अन्य जंतुसंसर्गातही आढळतो. हिशेब सोपा आहे. हजार प्रौढांची सरसकट तपासणी केली, तर त्यांत आमवाताचे रुग्ण पाच ते सात, आणि त्यांपैकी चार-पाच जणांची तपासणी ‘पॉझिटिव्ह’ येईल. मात्र ज्यांना हा रोग नाही, अशाही सुमारे ५० जणांचा निकाल ‘पॉझिटिव्ह’च येईल. म्हणजे लक्षणे न पाहता केलेल्या तपासणीत ‘पॉझिटिव्ह’ ठरलेल्या दर दहांपैकी नऊ जणांना आमवात नसतो. ‘अँटी-सीसीपी’ ही नवी तपासणी याहून पुष्कळच नेमकी आहे. परंतु तीही लक्षणांची जागा घेऊ शकत नाही.

अमेरिका व युरोप येथील तज्ज्ञांनी २०१० मध्ये ठरविलेली गुणपद्धतीही हेच सांगते. किमान एका सांध्याला खरी सूज असावी आणि तिचे दुसरे कारण सापडत नसावे, ही पहिली अट. त्यानंतर धरलेल्या सांध्यांची संख्या व प्रकार, रक्तातील विशिष्ट घटक, दाह दर्शविणाऱ्या तपासण्या आणि दुखण्याची मुदत यांना मिळून दहा गुण आहेत. सहा मिळाले, की निदान ठरते. लहान सांधे पुष्कळ धरले असतील, दाह वाढलेला असेल आणि सहा आठवडे उलटले असतील, तर रक्तातील घटक न सापडताही हे सहा गुण भरतात. कागदावर ‘निगेटिव्ह’ असे छापून आले म्हणून अशा रुग्णाला परत पाठविणे हा त्याच्यावर अन्याय होय.

विदर्भात हा गुंता आणखी वाढतो. २००६ मध्ये येथे चिकुनगुनियाची मोठी साथ आली, आणि त्यानंतरही तो ताप अधूनमधून डोके वर काढीत असतो. त्याने धरलेले सांधे हुबेहूब आमवातासारखे दिसतात; बहुतेकांचे काही आठवड्यांत वा महिन्यांत निवतात, काहींचे रेंगाळतात. सिकलसेल हा आनुवंशिक रोग या भागात पुष्कळ कुटुंबांत आहे, आणि त्याच्या वेदनाही हाडा-सांध्यांतच उठतात. कुष्ठरोगातील दाहक उद्रेकांत हाताची बोटे सुजतात आणि वर सांगितलेली रक्ततपासणीही फसवते. म्हणून वर्ध्याच्या डॉक्टरला सुजलेला हात पाहताना त्वचेवरील बधिर चट्टा आणि जाड झालेली नस हीही पाहावी लागतात.

कुष्ठकार्याचा धडा

कुष्ठरोगाचा हा उल्लेख केवळ योगायोगाचा नाही. १९३६ मध्ये मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठसेवा आरंभिली. सेवाग्रामात परचुरे शास्त्रींची शुश्रूषा गांधीजींनी स्वतःच्या हातांनी केली. परंतु या जिल्ह्याचे खरे वैज्ञानिक योगदान त्यानंतरचे आहे. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनने डॉ. वार्डेकर यांच्या मार्गदर्शनाखाली सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी त्रिसूत्री सिद्ध केली. रुग्ण येईल याची वाट न पाहता प्रशिक्षित कार्यकर्त्याने घरोघर जावे, लोकांना आरंभीची लक्षणे सांगावीत आणि औषध गावातच पोहोचवावे, असा तिचा आशय होता. १९५५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रमाने हीच पद्धत उचलली. पुढे १९८० च्या दशकाच्या प्रारंभी बहुविध औषधोपचार देशात जेथे प्रथम सुरू झाला, त्या जिल्ह्यांतही वर्धा होता. झडलेली बोटे हा पूर्वसंचिताचा भोग मानणाऱ्या समाजाला या कार्याने दाखवून दिले, की विकृती मुख्यतः विलंबातून येते.

दोन्ही रोगांतील फरक अर्थात विसरून चालणार नाही. कुष्ठरोगाचा जंतू माहीत आहे आणि ठरावीक मुदतीच्या औषधांनी तो रोग बरा होतो. आमवात संसर्गजन्य नाही. तो समूळ नाहीसा करणारे औषधही नाही. मात्र तो आटोक्यात ठेवणारी औषधे आहेत. त्यांतील प्रमुख असे मेथोट्रेक्सेट हे जुने, तुलनेने स्वस्त आणि राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतील औषध आहे. लक्षणे दिसू लागल्यापासून सहा आठवड्यांत रुग्णाला तज्ज्ञाने पाहावे आणि तीन महिन्यांत असे औषध सुरू व्हावे, असा युरोपीय तज्ज्ञांचा सल्ला आहे. ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतते. ते घेताना यकृताची व रक्तपेशींची तपासणी ठरावीक काळाने करावी लागते आणि गर्भधारणेपूर्वी ते थांबवावे लागते. याउलट, स्टेरॉइडची गोळी दोन दिवसांत दुखणे पळविते आणि म्हणूनच भोंदू वैद्याच्या बिननावाच्या पुडीत ती दडलेली असते. तिने हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते आणि सांध्याचा नाश चालूच राहतो. १९५० चा नोबेल पुरस्कार मिळविणाऱ्या शोधाची ही विटंबना होय.

काय करता येईल?

सांधेदुखीचे तज्ज्ञ मोठ्या शहरांत एकवटलेले आहेत, हा आक्षेप खरा आहे. परंतु तेरा लक्ष वस्तीच्या या जिल्ह्यात दोन वैद्यकीय महाविद्यालये आहेत : १९६९ मध्ये सेवाग्रामला निघालेले महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे आणि १९९० मध्ये सावंगी (मेघे) येथे निघालेले. सेवाग्रामच्या विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि तेथील कुटुंबांशी संबंध राखते. एवढी साधनसामग्री राज्यातील फारच थोड्या ग्रामीण जिल्ह्यांच्या वाट्याला आली आहे. गावोगावच्या आशा स्वयंसेविका तिशीपुढील स्त्री-पुरुषांची प्रश्नावली भरतात. तिचा रोख मुख्यतः मधुमेह, रक्तदाब आणि कर्करोग यांवर असला, तरी कुष्ठरोगाच्या लक्षणांची चौकशीही तीत आहे. त्याच वेळी आणखी दोन प्रश्न विचारता येतील : सकाळी बोटे अर्ध्या तासाहून अधिक आखडतात काय? दोन्ही हातांची बोटे वा मनगटे सहा आठवडे सुजलेली आहेत काय?

सांध्यांची चौकशी सुरू केली, तर दुखणाईतांचा लोंढा लोटेल, अशी भीती घातली जाईल. भिगवणचे आकडे पाहता ती अनाठायी नाही. परंतु त्या १८ टक्क्यांतून अर्धा टक्का वेचून काढण्यासाठीच हे दोन प्रश्न आहेत. दोन्हींचे उत्तर ‘होय’ असेल, त्या व्यक्तीला प्राथमिक आरोग्य केंद्राने आठवडाभरात दोहोंपैकी एका महाविद्यालयाकडे पाठवावे. निदान तेथे व्हावे. औषध आणि रक्ततपासणी मात्र पुन्हा गावाजवळच्या केंद्रात मिळावी, कारण महिन्याच्या प्रत्येक फेरीत मजुरी बुडत असेल, तर सर्वोत्तम उपचारही वर्षभर टिकत नाही.

यासाठी नवे खाते वा नवी योजना लागत नाही. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने आणि दोन महाविद्यालयांनी एकत्र बसून एक प्रपत्र, एक प्रशिक्षण वर्ग आणि औषधांचा नियमित पुरवठा ठरविला, की आरंभ होऊ शकतो. शिक्षक, कारकून, बचतगटांच्या स्त्रिया यांनी आपल्या शेजारच्या घरात सकाळी कोणाची मूठ मिटत नाही, एवढे विचारले, तरी त्या कामाला हातभार लागेल. येत्या वेचणीच्या हंगामापूर्वी हे घडले, तर काही बायांची बोटे तरी वाचतील.