विश्लेषण : ध्वनी आणि कार्बनच्या मदतीने रंगीत सांडपाणी साफ होईल?

कापड रंगवल्यानंतर उरणाऱ्या पाण्यातील रंग सहजासहजी विघटित होत नाहीत. ते तोडण्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड उपयोगी पडते. पण ते मोठ्या कारखान्यातून टँकरने आणावे लागते. पाणी, ऑक्सिजन आणि वीज वापरून ते जागेवरच तयार करण्याचा एक मार्ग संशोधक अनेक वर्षे तपासत आहेत. कार्बनच्या इलेक्ट्रोडवर विशिष्ट रेणूंचा थर आणि जोडीला अल्ट्रासाउंड, असा हा मार्ग आहे.

हायड्रोजन पेरॉक्साइडच का?

पेरॉक्साइडचे विघटन झाल्यावर फक्त पाणी आणि ऑक्सिजन उरतो. त्यात लोहाचे क्षार मिसळले की ‘हायड्रॉक्सिल रॅडिकल’ हे अत्यंत क्रियाशील कण तयार होतात आणि ते रंगाचे रेणू तोडतात. या अभिक्रियेचे मूळ हेन्री फेंटन यांनी १८९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात आहे. मात्र तीव्र पेरॉक्साइडची वाहतूक आणि साठवण जोखमीची असते. २००० मध्ये रशियाची कुर्स्क पाणबुडी बुडाली, त्यात ११८ जणांचा मृत्यू झाला. टॉर्पेडोतील पेरॉक्साइडची गळती हे त्या स्फोटाचे कारण असल्याचा निष्कर्ष चौकशीत निघाला.

सध्या ते कसे तयार होते?

जगातील बहुतांश पेरॉक्साइड अँथ्राक्विनोन पद्धतीने बनते. पॅलेडियम उत्प्रेरकाच्या मदतीने अँथ्राक्विनोन या सेंद्रिय संयुगाला हायड्रोजन दिला जातो. नंतर हवेतील ऑक्सिजन तो हायड्रोजन घेतो आणि पेरॉक्साइड तयार होते. अँथ्राक्विनोन पुन्हा मूळ रूपात येऊन पुढच्या फेरीला सज्ज होते. ही पद्धत मोठ्या प्रकल्पालाच परवडते.

इलेक्ट्रोडवर वेगळे काय घडते?

प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर ऑक्सिजनच्या रेणूला चार इलेक्ट्रॉन मिळून प्रामुख्याने पाणी तयार होते. फ्युएल सेलला तेच हवे असते. कार्बनवर ही क्रिया बहुधा दोन इलेक्ट्रॉनांवर थांबते आणि पेरॉक्साइड मिळते. म्हणजे फ्युएल सेलमध्ये जो दोष, तोच येथे गुण ठरतो. पण साध्या कार्बनवर ही क्रिया मंद असते. ती रेटायला जास्त व्होल्टेज लागते. म्हणून कार्बनवर अँथ्राक्विनोनचे रेणू बसवले जातात. ते इलेक्ट्रोडकडून इलेक्ट्रॉन आणि पाण्यातून प्रोटॉन घेऊन ऑक्सिजनला देतात. कारखान्यातलेच चक्र येथे हायड्रोजन वायूऐवजी विजेवर चालते. ऑक्सफर्ड विद्यापीठातील रिचर्ड कॉम्प्टन यांच्या गटाने अशा इलेक्ट्रोडवर बरेच काम केले आहे.

मग अल्ट्रासाउंड कशासाठी?

खरी टंचाई ऑक्सिजनची आहे. २५ अंश सेल्सिअसला हवेच्या संपर्कातील एक लिटर पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. इलेक्ट्रोडलगतचा साठा लगेच संपतो आणि नवा ऑक्सिजन हळूहळू झिरपत येतो. साधारण २० हजार हर्ट्झच्या ध्वनिलहरी सोडल्या की पाणी वेगाने घुसळले जाते. सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात. याला कॅव्हिटेशन म्हणतात. त्यामुळे इलेक्ट्रोडलगतचा साचलेला थर पातळ होतो, ऑक्सिजन लवकर पोहोचतो आणि पृष्ठभागही साफ राहतो.

अडचण कुठे आहे?

जे बुडबुडे पृष्ठभाग साफ करतात, तेच त्यावरचा उत्प्रेरकही खरवडून काढू शकतात. रेणू नुसते चिकटवलेले असतील तर धोका अधिक. म्हणून डायझोनियम क्षारांच्या मदतीने ते कार्बनशी रासायनिक बंधाने जोडले जातात. दुसरी अडचण अशी की अल्ट्रासाउंडमुळे पाणी तापते आणि विरघळलेला वायू बाहेर पडतो; त्यामुळे ऑक्सिजन सतत सोडावा लागतो. ध्वनीची तीव्रता स्रोतापासून दूर झपाट्याने घटते. बीकरमध्ये साधलेली गोष्ट हजारो लिटरच्या टाकीत साधणे त्यामुळेच कठीण. शिवाय फेंटन अभिक्रिया आम्लधर्मी पाण्यात, साधारण ३ पीएचला, उत्तम चालते. नंतर पाणी उदासीन करताना लोहाचा गाळ उरतो, त्याचीही विल्हेवाट लावावी लागते.

महाराष्ट्राशी संबंध काय?

पंचगंगेच्या प्रदूषणाची चर्चा निघाली की इचलकरंजीतील कापड प्रक्रिया उद्योगांच्या सांडपाण्याचा मुद्दा हमखास येतो. कॅव्हिटेशनच्या संशोधनात मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था (आयसीटी) आघाडीवर आहे. प्रा. अनिरुद्ध पंडित आणि प्रा. पराग गोगटे यांनी अल्ट्रासाउंडबरोबरच अरुंद छिद्रांतून दाबाने पाणी सोडून बुडबुडे निर्माण करण्याच्या पद्धतीवर काम केले आहे. मोठ्या प्रमाणावर ही पद्धत विजेच्या दृष्टीने अधिक किफायतशीर मानली जाते.

पुढे काय?

हे तंत्र कारखान्याच्या दारात येण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे हवीत. इलेक्ट्रोडवरचा थर किती तास टिकतो? ध्वनीची वीज धरून एक किलो पेरॉक्साइडला किती युनिट लागतात? आणि प्रयोगशाळेतील स्वच्छ द्रावणाऐवजी मीठ, साबण व अनेक रंग मिसळलेल्या खऱ्या सांडपाण्यात ते कसे चालते? पाण्याचा रंग गेला म्हणजे ते शुद्ध झाले असेही नाही. तुटलेल्या रेणूंचे अवशेष तपासावेच लागतात. टँकरने येणाऱ्या पेरॉक्साइडपेक्षा जागेवरचे पेरॉक्साइड स्वस्त पडले, तरच लहान उद्योग या मार्गाकडे वळतील.