मांजराची त्वचा आणि आपले तेल

अलीकडे आमच्या चिकित्सालयात एक नवाच प्रश्न वारंवार कानी येतो. रुग्ण स्वतःची तपासणी आटोपून उठता उठता विचारतो, "वैद्यराज, आमच्या मांजराचे केस जात आहेत, अंग सारखे खाजवते, एखादे तेल द्याल का?" औषधी दुकानांतही हीच विचारणा होते आणि निंबाची, करंजाची अथवा कर्पूरमिश्रित तेलाची बाटली सहज हाती पडते. या प्रथेविषयी स्पष्ट लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते, कारण ही चूक आमच्याही हातून घडलेली आहे.

काही वर्षांपूर्वी एका परिचित कुटुंबातील, कधीही घराबाहेर न जाणाऱ्या मांजरीच्या पाठीवरचे केस विरळ झाले होते. आम्ही सद्भावनेने कर्पूरयुक्त तेल लावण्यास सांगितले. मांजरीने ते आपल्या सवयीने चाटून काढले. त्याच रात्री तिला लाळ सुटली, अंग थरथरू लागले, तोल जाऊ लागला. पशुवैद्यांच्या तातडीच्या उपचारांनी ती वाचली. मूळ विकार पिसवांचा होता, हे त्यांनी बारीक दातांची फणी फिरवून काही मिनिटांत दाखवून दिले. दर्शन, स्पर्शन, प्रश्न या त्रिविध परीक्षेपैकी आम्ही एकही केली नव्हती.

मांजर म्हणजे लहान आकाराचा मनुष्य नव्हे. फिनॉलवर्गीय अनेक द्रव्ये ग्लुकुरोनिक आम्लाशी संयुक्त करून शरीराबाहेर टाकण्याची यकृताची शक्ती मांजरात जन्मतःच अत्यंत दुर्बल असते. पॅरासिटामॉलची एक गोळीही त्याचा प्राण घेऊ शकते, याचे हेच प्रमुख कारण. कापूर, निलगिरी, ओव्याचे सत्त्व, गंधपुरा तेल ही द्रव्येही त्याला धोकादायक आहेत. शिवाय मांजराच्या बाबतीत बाह्य लेप हा केवळ बाह्य राहत नाही; जे अंगावर लावाल ते पोटात जाते. 'वनस्पतिजन्य आहे, अपाय होणार नाही' हे वाक्य निदान आपल्या तोंडी शोभत नाही. वत्सनाभ आणि भल्लातक शोधनाशिवाय न वापरणारे आपण. द्रव्याची शक्ती आणि त्याचा अपाय ही एकाच वस्तूची दोन अंगे आहेत, हे आपणांस कोणी सांगावे?

घरातच राहणाऱ्या मांजराला पिसवा कशा होतील, ही शंका स्वाभाविक आहे. परंतु पिसवा घरातील कुत्र्यामार्फत अथवा माणसांच्या कपड्यांवरूनही येतात. त्यांची अंडी, अळ्या आणि कोष मुख्यतः गादीत, सतरंजीत, फटींत असतात. अंगावर दिसतो तो अल्प अंश. पिसूच्या लाळेची अधिहर्षता असलेल्या मांजरास थोडे दंशही पुरतात, आणि चाटता चाटता ते पिसवा गिळून पुरावाच नाहीसा करते. केस गळतात असे वाटते, पण पुष्कळदा ते चाटून तुटलेले असतात. अंगावरचे काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवून तांबूस डाग उमटला, तर ती पिसवांची विष्ठा समजावी. मात्र कण सापडले नाहीत, म्हणून पिसवा नाहीत असे मानू नये. याखेरीज माइट, आहाराची अधिहर्षता, बुरशी अशी अन्य कारणे आहेत. 'मांजर मानसिक ताणाने चाटते' हे निदान सर्वांत शेवटी करावे. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे निदान झालेल्या 21 मांजरांपैकी केवळ 2 मांजरांत निव्वळ मानसिक कारण आढळले. निदान अचूक नसेल तर निदानपरिवर्जन कशाचे करणार?

काही व्यवसायबंधू पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद आणि शालिहोत्राची परंपरा पुढे करतात. त्या परंपरेचा आम्हांसही अभिमान आहे. परंतु हत्ती आणि घोडे यांच्या चिकित्सेवरून मांजराची मात्रा ठरत नाही. 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यातील आयुर्वेदीय औषधाच्या व्याख्येत मनुष्याबरोबर पशूंचाही उल्लेख आहे, हे खरे. तथापि 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार पशुचिकित्सेचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाचा आहे. आपली पदवी तो अधिकार देत नाही.

मग आपले कर्तव्य संपले काय? मुळीच नाही. मांजराच्या अंगावरील बुरशी माणसाला जडते. दद्रूचा रुग्ण, विशेषतः लहान मूल, उपचारांनी बरे होऊन पुनःपुन्हा येत असेल, तर 'घरी मांजर आहे काय?' हा प्रश्न आपल्या केसपेपरवर असलाच पाहिजे. रुग्णाची चिकित्सा आपण करावी, मांजराची पशुवैद्यांनी. दोन्ही एकाच वेळी झाल्या तरच रोग घराबाहेर जाईल. अंथरुणे गरम पाण्याने धुणे, कोपरे आणि फटी झाडणे हा सल्ला आपण निःशंक द्यावा. बंद खोलीत मांजर असताना धूपन मात्र टाळावे.

दुकानदार बंधूंना आमची एकच विनंती आहे. त्वचेचे तेल देताना 'कोणासाठी?' एवढे विचारावे. उत्तर 'मांजरासाठी' असे आल्यास बाटली परत कपाटात ठेवावी आणि जवळच्या पशुवैद्यांचा पत्ता द्यावा. कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिनयुक्त औषधही मांजराला विषवत् असते, हे सोबत सांगावे. एका बाटलीची विक्री बुडेल. पण मुक्या जिवाला अपाय होऊन शास्त्राला लागणारा बोल टळेल. 'हे माझे क्षेत्र नव्हे' असे म्हणण्यात वैद्याला कमीपणा नाही. आम्हांस ते उशिरा उमगले. आपणांस वेळीच उमगावे, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.